शाळा जरा समुद्रावर जाते आहे

मागच्या महिन्यात रत्नागिरीला शालेय प्रशासनावरचं शिबिर झालं. पुण्याहून एक व्याख्याते आले होते. त्यांनी भिंतीवर भला मोठा तक्ता टांगला आणि छडीनं एकेक ओळ दाखवत उत्तम मुख्याध्यापकाचे गुण सांगितले. करडी शिस्त, तत्काळ निर्णय, भारदस्त व्यक्तिमत्त्व, प्रभावी वक्तृत्व, असं पार खालपर्यंत. जेवणाआधीची वेळ होती, उकाड्यानं जीव जात होता आणि माझ्या शेजारचे सावंतवाडीचे गृहस्थ डोळे उघडे ठेवून झोपले होते. मी मात्र तक्ता मन लावून वाचत होतो. कारण ज्या माणसाच्या हाताखाली मी नोकरी शिकलो, त्याच्यात यातला एकही गुण नव्हता. 'तत्काळ निर्णय' आलं तेव्हा मला हसू आवरेना. व्याख्यात्यांनी छडी माझ्याकडे वळवली. "आपल्याला काही शंका आहे का?" मी नाही म्हटलं. शंका नव्हतीच. केरकर हेडमास्तर आठवले होते, एवढंच.

शाळा होती त्या गावाचं नाव मी सांगत नाही. माणसं हयात आहेत आणि त्यांना वाचता येतं; त्याला आम्हीच जबाबदार आहोत. देवबागच्या अंगाला, एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये माडांच्या सावलीत जेवढी जमीन उरेल तेवढं गाव. मी कुडाळचा. बी.ए. होऊन तिथं सहायक शिक्षक म्हणून रुजू झालो, तेव्हा हेडमास्तर कोण म्हणून एका धोतरवाल्या गृहस्थालाच विचारलं. ते ओसरीवर उकिडवे बसून फुटक्या फळ्याला काळा रंग देत होते. "बसा," म्हणाले. "हेडमास्तर हात धुऊन येतात." आणि उठून हात धुवायला गेले.

केरकर मूळचे आरोंद्याचे. अंगानं किरकोळ, रंगानं काळे, बंद गळ्याचा कोट, बगलेत छत्री. आवाज असा, की दुसऱ्या बाकावर पोचायच्या आतच विरून जायचा. त्यामुळे त्यांच्या वर्गात मुलं श्वास रोखून बसायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, काय ही शिस्त! शिस्त कसली डोंबलाची, पोरांना ऐकू येत नव्हतं. शाळेत ते शुद्ध मराठी बोलायचे आणि शाळेचं फाटक ओलांडलं की मालवणी. फाटकाला दार नव्हतं, नुसते दोन खांब होते, पण भाषा बरोबर तिथंच बदलायची.

त्यांच्याकडे कुणी तक्रार घेऊन गेलं की ते ती शेवटपर्यंत ऐकायचे. मध्ये हूं नाही, चूं नाही. तक्रार संपली की म्हणायचे, "बरं. मग?" बस्स. आता मग काय, ते सांगायला माणूस आलेला नसतो, तो तक्रार करायला आलेला असतो. पण समोरचा माणूस तपकिरीची डबी हातात घेऊन शांतपणे वाट बघतोय म्हटल्यावर करणार काय? शेवटी आपणच काहीतरी उपाय सांगायचा. ते म्हणायचे, "छान. तसंच करा." मी त्या शाळेत असेपर्यंत अशा तक्रारीवर केरकरांनी स्वतः एकही निर्णय घेतल्याचं मला आठवत नाही. सगळे आम्हीच घेतले आणि घेतले म्हणून पाळलेही.

आमचे पाटकर मास्तर खाडीपलीकडे राहायचे. होडी भरतीओहोटीच्या तालावर आणि पाटकर होडीच्या तालावर, त्यामुळे पहिल्या तासाला त्यांचा कधी पत्ता नसायचा. संस्थेचे अध्यक्ष आप्पा नाईक, गावातले किराणा दुकानदार, यांनी केरकरांना फर्मावलं की पाटकरांना कडक समज द्या. केरकरांनी समज दिली नाही. ते रोज पहिल्या तासाला पाटकरांच्या वर्गावर जाऊन गणित शिकवू लागले. पाटकर धापा टाकत दारात आले की हे खडू त्यांच्या हातात द्यायचे, "इथपर्यंत झालंय," म्हणायचे आणि खाली मान घालून निघून जायचे. कपाळाला आठी नाही की काही नाही. आठवडाभरात पाटकर माझ्याकडे आले, म्हणाले, "परब, त्यांनी आयमाय काढली असती तर सोसलं असतं रे. हे नाही सोसत." आणि बिऱ्हाड अलीकडे हलवलं.

पण खरी गोष्ट आहे ती रापणीची. मोठं जाळं होडीतून समुद्रात फिरवून सोडायचं आणि त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावरून सगळ्या गावानं ओढायचे, ती रापण. जो दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा, हा तिथला कायदा. म्हातारी, बाया, पोरं, सगळे दोराला. रापणीची हाळी आली की शाळा ओस. आधीच्या हेडमास्तरांनी यावर दंड केले, छड्या मारल्या, अंगठे धरून उभं केलं. परिणाम एवढाच झाला, की मुलं रापण नसलेल्या दिवशीही येईनाशी झाली.

मी रुजू झालो तेव्हा केरकरही नवेच होते. एका संध्याकाळी ते सरळ किनाऱ्यावर भागो तांडेलाकडे गेले. भागो तांडेल म्हणजे रापणीचा म्होरक्या, गावात देवाखालोखाल त्याचा शब्द. तो जाळं विणत बसला होता. मी केरकरांबरोबर होतो.

"तांडेलानू, पोरां शाळेत धाडा," केरकर म्हणाले.

"आणि दोर कोण वोडतलो? तुमचो सायब?"

"पोरांच वोडतली. रापण लागली की हाळी घाला, मी घंटा मारून शाळा सोडतंय."

तांडेलानं विणायचं थांबवून मान वर केली. शाळा सोडतो म्हणणारा हेडमास्तर त्यानं आजवर बघितला नव्हता.

"मगे?"

"मगे काय? वाटो आवशीच्या हातात दिलो की पोरां परत वर्गात. आणि जो परत येवचो नाय, तेका दुसऱ्या दिवशी दोराक हात लावूक देवचो नाय. ह्या मात्र तुमी बघूचा. माझा कोण आयकता?"

तांडेल बराच वेळ हसत राहिला. मग म्हणाला, "बघतंय." आणि खरोखरच बघू लागला. शाळेची हजेरी शिक्षण खात्याला जमली नव्हती, ती त्या माणसानं वाळूत उभं राहून सांभाळली. पोरं भिजलेल्या चड्ड्यांनी वर्गात परत यायची, अंगाला माशांचा वास, हाताला दोराचे वळ. बसायची आणि शिकायची. हळूहळू मुलीही यायला लागल्या. आप्पा नाईकांना हे मुळीच पसंत नव्हतं. "शाळा आहे की मासळीबाजार?" ते विचारायचे. "बरं. मग?" केरकर म्हणायचे. आप्पा दुकानात जाऊन नोकरावर ओरडायचे.

त्याच सुमारास केरकरांनी मला बी.टी., म्हणजे शिक्षकी प्रशिक्षणाची पदवी, करायला कोल्हापूरला पाठवलं. मी म्हटलं, माझे तास कोण घेणार? म्हणाले, "मी आहे ना. तुम्ही जा. परत या, म्हणजे झालं." मला वाटलं, तरुण माणसाचं भलं बघताहेत. तेव्हा माझी अक्कल तेवढीच होती. वर्षभर त्यांनी स्वतःचे तास सांभाळून माझेही घेतले.

मी परतलो तो शाळेच्या जिवावर बेतलेली वेळ होती. आमची शाळा नववीपर्यंत, तीही दर वर्षीच्या तात्पुरत्या परवानगीवर. आता खात्यानं कळवलं होतं की तपासणी होईल. पसंत पडलं तर कायम मान्यता आणि अकरावीपर्यंत वर्ग, म्हणजे आमची पोरं गावात राहून एस.एस.सी. होणार. नाही पडलं तर परवानगी बंद, शाळेला कुलूप. मालवणला खोली घेऊन पोराला शिकवायची ऐपत गावात आप्पा नाईक सोडून कुणाची नव्हती. कुलूप लागलं असतं तर दोराला लागलेली पोरं जन्मभर दोरालाच राहिली असती. आम्ही सगळेच धास्तावलो होतो. केरकरांनी तपकीर थोडी जास्त ओढायला सुरुवात केली, याखेरीज त्यांच्यात काही फरक दिसला नाही.

इन्स्पेक्टरसाहेब आले ते थंडीच्या दिवसांत. घाटावरचे गृहस्थ, उंचेपुरे, डोक्यावर साहेबी हॅट, पायात चकचकीत बूट. आप्पा नाईकांनी इस्त्रीचा कोट घातला होता आणि तो त्यांना काखेत बोचत होता. साहेब माझ्या भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर बसले. मी मान्सून वारे शिकवायला घेतले आणि तेवढ्यात किनाऱ्यावरून हाळी आली. "रापण लागलीऽऽ रेऽऽ!"

वर्गात एकदम चिडीचूप. एक पोर हललं नाही, पण सगळ्यांचे पाय बाकाखाली चुळबुळायला लागले. मी खिडकीतून बघितलं. ओसरीवर घंटेपाशी केरकर उभे होते आणि आप्पा नाईक त्यांच्यापुढे दोन्ही हात जोडून उभे होते. "केरकर, तुमच्या पाया पडतो. आजच्या दिवस नको. आज साहेब आहेत."

"शब्द दिलाय, आप्पा."

"कुणाला? त्या तांडेलाला? शाळा जाईल हो!"

"शब्द मोडला तरी शाळा जाईलच. उद्यापासून पोरं येणार नाहीत." आणि केरकरांनी घंटा मारली. आप्पा पायरीवर मटकन बसले.

पोरं तीरासारखी बाहेर. साहेब ताडकन उठले. "हा काय प्रकार आहे? कुणी सोडली शाळा?"

केरकर दारात आले होते. त्याच दुसऱ्या बाकापर्यंत न पोचणाऱ्या आवाजात म्हणाले, "सोडलेली नाही, साहेब. शाळा जरा समुद्रावर जाते आहे. आपणही चलावं."

आता साहेब तरी काय करतील? तपासणी शाळेची, आणि शाळा तर वाळूत. ते चालू लागले. बुटांत वाळू गेली तशी चाल बिघडली. किनाऱ्यावर दोन्ही दोरांना माणसं लागली होती आणि प्रत्येक वर्गाचा मास्तर आपापल्या पोरांजवळ उभा राहून नावं पुकारत होता. पोरं दोर ओढता ओढता "हजर! हजर!" ओरडत होती. साहेब एका दोराजवळ उभे राहून हे सगळं बघत होते, एवढ्यात एक लाट जरा अंगावर आली. बूट वाचवायला ते मागे सरकले, तोल गेला आणि त्यांनी हाताशी आला तो दोर गच्च धरला. पोरांनी एकच गिल्ला केला. "सायब लागलोऽऽ!" आता दोर सोडायचा तर खाली पडणार, धरायचा तर ओढल्यासारखा दिसणार. साहेबांनी धरला. आणि एकदा धरल्यावर, खरं सांगतो, चांगला ओढला.

जाळं बाहेर आलं. बांगडाच बांगडा. भागो तांडेल वाळूत वाटे घालू लागला. साहेबांना घाम आला होता, म्हणून त्यांनी हॅट काढून हातात उलटी धरली होती. रापणीवर हातात उलटं भांडं धरलेला माणूस कशासाठी उभा असतो, याबद्दल तांडेलाच्या मनात काही शंका नव्हती. त्यानं ओंजळ भरून बांगडे हॅटमध्ये टाकले. "घेवा सायबानू. तुमचो वाटो."

साहेबांचा चेहरा पांढराफटक. "अहो, हे काय! आमच्यात चालत नाही हे!"

दोर गुंडाळणारी माणसं थांबली. वाटा नाकारणं म्हणजे रापणीचा अपमान. तांडेलाच्या कपाळाची शीर दिसायला लागली. आप्पा नाईक दुरूनच समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. केरकर पुढे झाले.

"साहेब, खायचं बंधन नाही. घेण्याचं आहे. आपण दोर ओढलात हे सगळ्यांनी पाहिलंय."

साहेबांनी हॅटकडे बघितलं, तांडेलाकडे बघितलं, वाट्यासाठी थांबलेल्या सगळ्या पोरांकडे बघितलं. मग घसा साफ करून म्हणाले, "आभारी आहे." त्या क्षणी त्या माणसाबद्दल माझं मत एकदम चांगलं झालं.

पोरं वाटे घरी देऊन परत आली. झाडून सगळी. साहेबांनी दुपारी पटांगणात त्यांच्यापुढे चार शब्द बोलायचं ठरवलं. आमच्या गावात देवापुढे गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या दर वाक्याला सगळ्यांनी हात जोडून होकार द्यायचा असतो. लांबलचक वाक्य मोठ्या आवाजात ऐकलं की पोरांचे हात आपोआप जुळायचे. साहेब म्हणाले, "मुलांनो, तुम्ही खूप शिकाल, आईवडिलांचं नाव काढाल आणि या गावाचं भूषण व्हाल, अशी मी आशा करतो!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" सगळी शाळा एका सुरात.

साहेब दचकले. "हे काय आहे?"

"इथं देवाला असं म्हणतात," केरकर म्हणाले. "माणसांना वेगळं म्हणायचं असतं, ते अजून शिकवायचं राहिलंय."

निघण्यापूर्वी साहेब ऑफिसात बसले. मी आणि आप्पा कोपऱ्यात उभे होतो. साहेबांनी विचारलं, "केरकर, तुमचं बी.टी. कोणत्या साली?"

"झालेलं नाही."

आप्पांना जोराचा खोकला आला. साहेबांनी पेन खाली ठेवलं. "प्रवेशासाठी अर्ज केलाय, असं लिहू?" त्यांनी हळूच विचारलं. कसं काय झालं कोण जाणे, पण त्यांच्या आवाजात चक्क विनंती होती.

"केलेला नाही, साहेब."

"मग मला तसं लिहावं लागेल. नियम आहे."

"लिहावं," केरकर म्हणाले. "शाळेबद्दल काय लिहिणार तेवढं सांगा."

"शाळेबद्दल," साहेब उठत म्हणाले, "चांगलंच लिहीन."

आणि दोन्ही गोष्टी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिल्या. मे महिन्यात हुकूम आला. अकरावीपर्यंत कायम मान्यता, अट एकच, मुख्याध्यापक प्रशिक्षित पदवीधर असावा. शाळा उघडली त्या दिवशी केरकरांनी तो हुकूम प्रार्थनेच्या वेळी स्वतः वाचून दाखवला, अटीसकट, त्याच पुसट आवाजात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अर्ध्यांना काय ते ऐकूच गेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी संस्थेची सभा. आप्पा नाईक, ज्यांनी केरकरांना घालवायचे आजवर मनसुबे केले, ते टेबलावर मूठ आपटून म्हणाले, "केरकरांशिवाय शाळा चालायची नाही. नको आम्हाला मान्यता. परत पाठवू."

"बरं. मग?" केरकर म्हणाले.

आप्पा मूठ तशीच टेबलावर ठेवून बसले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मग केरकरांनीच, पहिल्यांदा आणि शेवटचं, उत्तर दिलं. "परब बी.टी. आहेत."

मी सभेतून उठून गेलो. मला ते नको होतं. ज्या माणसानं मला खडू कसा धरायचा ते शिकवलं, त्याच्या डोक्यावर जाऊन बसायचं? केरकर मागून आले. फाटकाच्या खांबापर्यंत काही बोलले नाहीत. बाहेर पडल्यावर म्हणाले, "तुका कोल्हापुराक धाडलेलो तो काय अंबाबाई बघूक?"

मला एकदम सगळं कळलं. नियम त्यांना तेव्हाच माहीत होता. मी म्हटलं, "मग तुम्हीच का नाही गेलात?"

"मी गेलो असतंय तर वर्षभर दोरावरची पोरां वर्गात कोणी आणली असती? तू?"

ते खरं होतं. माझ्याच्यानं तेव्हा ते झालं नसतं. पण मला रडू आलं. "असा काय करतस रे?" ते म्हणाले आणि तपकिरीची डबी पुढे केली. मी तपकीर ओढत नाही हे त्यांना माहीत होतं.

पावसाळाभर मी नावाचा हेडमास्तर. मास्तर लोक रजा मागायला केरकरांकडे जायचे, ते त्यांना माझ्याकडे पिटाळायचे. पोरं भांडण घेऊन त्यांच्याकडेच. नारळी पौर्णिमा झाली, समुद्र खुला झाला, तसा भागो तांडेल शाळेच्या ओसरीवर येऊन केरकरांना विचारू लागला, "मास्तर, औंदा घंटेचा कसा काय?" केरकर वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "माका कित्याक इचारतास? हेडमास्तरांका इचारा." तांडेलानं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि न विचारता निघून गेला. मी ओळखलं. हा माझा शब्द मानणार नाही. आणि यानं नाही मानला तर वाटा घेतलेली पोरं वर्गात परत येणार नाहीत. खात्याची मान्यता असेल, शाळा नसेल.

पुढच्याच आठवड्यात वर्ग भरले असताना हाळी आली. "रापण लागलीऽऽ!" मी खुर्चीतून अर्धा उठलो. उघड्या दारातून समोरचा वर्ग दिसत होता. सगळी शाळा केरकरांकडे बघत होती. ते फळ्यावर लिहीत होते. वाक्य पुरं केलं, खडू ठेवला, हात झटकले. मग ओसरी ओलांडून माझ्या दारापाशी आले आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. ओसरीच्या टोकाला खांबाला टेकून भागो तांडेल उभा होता. हाळी दुसऱ्याला घालायला लावून तो मुद्दाम बघायला आला होता.

"आत येऊ का, सर?" केरकर म्हणाले. आणि हे ते ओरडून म्हणाले. त्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी तोपर्यंत ऐकला नव्हता, त्यानंतरही नाही. शेवटच्या वर्गापर्यंत गेला तो.

मी उभाच राहिलो. त्यांनी भुवईनं मला खाली बसायला सांगितलं. मी बसलो.

"या," मी म्हटलं.

"रापण लागली आहे, सर. मुलांना सोडायची परवानगी हवी. परत आणायची जबाबदारी आपली आणि तांडेलांची."

मी तांडेलाकडे बघितलं. तो खांब सोडून नीट उभा राहिला होता.

"परत येतली मां, तांडेलानू?" मी विचारलं.

तांडेलानं केरकरांकडे बघितलं. केरकर माझ्याकडेच बघत राहिले, त्याच्याकडे वळले नाहीत. मग तांडेल मला म्हणाला, "येतली, मास्तर."

मी घंटा मारली. पोरं सुटली. केरकर सरांनी कोट काढून खिडकीवर ठेवला, धोतराचा काचा मारला आणि इतर मास्तरांबरोबर त्यांच्या मागून वाळूत उतरले. मी ओसरीवरून बघत होतो. जाळ्याकडची जागा पोरांनी त्यांच्यासाठी मोकळी केली होती, पण ते तिकडे गेले नाहीत. दोराच्या शेपटाला, जिथं नवखी माणसं लावतात, तिथं जाऊन लागले आणि पाटकरांनी पोरांबरोबर त्यांचंही नाव पुकारलं तेव्हा हात वर करून "हजर" म्हणाले.